वेशीपलीकडची लेक कोणाची?

एखादी वाईट गोष्ट आपल्या दारातून हाकलली आणि ती शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसली, तर ती आपण बंद केली असे म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे काय? हुरड्यात आलेल्या ज्वारीच्या रानात माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्या पोरास ह्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. त्याने उडविलेली पाखरे बांधापलीकडे उतरतात, आणि तिकडच्या पोराने उडविली म्हणजे पुन्हा ह्याच्याच कणसांवर येतात. दोघेही ओरडून घसा बसवितात, आणि पाखरांचे पोट भरावयाचे ते भरतेच. बालविवाहाच्या बाबतीत आपण पुष्कळ काळ असेच करीत आलो आहो, असे आम्हांस वाटू लागले आहे. तसे का वाटू लागले हे सांगावयाचे, तर आधी आमचीच एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी, दसरा होऊन दिवाळी तोंडावर आली असता, आमच्या गावच्या अंगणवाडीताई संध्याकाळी दारी आल्या व हळूच म्हणाल्या, की अमक्या घरी उद्या हळद आहे. मुलगी नववीत शिकत होती. शाळेच्या दाखल्याप्रमाणे तिला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. कुटुंब आमच्याच मंडळीतले, मुलीचा बाप्तिस्मा आमच्याच हातचा. तेव्हा परक्याच्या घरात शिरतो की काय, हा संकोच नव्हता. आम्ही ग्रामसेवकांस बरोबर घेतले, मंडळीतील दोन वडील घेतले व गेलो. दारात मांडव पडला होता. मुलगी आतल्या चौकटीला टेकून उभी होती. तिने आम्हांकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही, आणि आम्हीही तिला काही विचारले नाही. ग्रामसेवकांनी कायदा समजावून सांगितला. बापाने तो शांतपणे ऐकला व हमीपत्रावर सही केली. मग आम्हांकडे वळून तो म्हणाला, "पाळकसाहेब, दिवाळी झाली की टोळी निघती. मुकादमाची उचल घेतलेली हाय. सहा महिने आम्ही दोघं फडात. म्हातारी औंदा देवाघरी गेली. पोरीला कुणाच्या दारात ठिवू, तेवढं सांगा."

ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही प्रार्थना केली, चहा घेतला व घरी आलो. रात्रीच्या सभेत आमच्याकडून उपकारस्तुतीही झाली.

अकराव्या दिवशी कळले, की लग्न झाले. शेजारच्या तालुक्यात, मुलीच्या मावशीच्या गावी, पंधरावीस माणसांत ते उरकले होते, आणि तेथील उपदेशकांनी जोडप्यासाठी आशीर्वादाची प्रार्थना केली होती. आम्ही रागाच्या भरात त्यांस दूरध्वनी केला. ते बिचारे गोंधळून गेले. म्हणाले, "कुटुंब तुमच्या मंडळीचे. तुमच्याकडून आले म्हणजे वयाची चौकशी तुम्ही केलीच असेल, असे मी धरले." त्यांस वाटले, आम्ही पाहिले असेल, आम्हांस वाटले, प्रकरण मिटले. ह्या दोन समजुतींच्या मधून ती मुलगी निघून गेली. जो दूरध्वनी आम्ही अकराव्या दिवशी रागाने केला, तो पहिल्याच रात्री सलोख्याने करता आला असता. मुलीची मावशी कोठे राहते हे आम्हांस ठाऊक होते, उपदेशकांचा क्रमांक खिशात होता. तरी केला नाही. कारण आमच्या मनात ते प्रकरण आमच्या गावच्या वेशीशीच संपले होते.

वेशीशी कर्तव्य संपते ही समजूत आम्हांस कोठून आली, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी आपल्या आईबापांकडून ऐकले असेल, की पूर्वी मिशनांनी महाराष्ट्राचा मुलूख आपापसांत वाटून घेतला होता. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व सोलापूर ह्या बाजूस अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापुराकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन, जालन्यास स्कॉटिश मिशन, नाशकाकडे चर्च मिशनरी सोसायटी. ह्या वाटणीत शहाणपण होते. एकाने नांगरलेल्या रानात दुसऱ्याने पाभर घालू नये व तंटे होऊ नयेत, एवढाच तिचा हेतू. पुढे मंडळ्या जवळ आल्या, १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, आणि ह्यांपैकी पुष्कळ रेघा कागदावरून पुसल्या गेल्या. मनातून मात्र त्या तितक्या सहज पुसल्या गेल्या नाहीत. "ते आमचे क्षेत्र नव्हे" हे वाक्य आम्ही स्वतः किती वेळा उच्चारले असेल, ह्याची गणती नाही. कामाच्या सोयीसाठी आखलेली रेघ हळूहळू विवेकाचीही रेघ होऊन बसते, आणि तसे झाल्याचे आपणांस कळतही नाही. दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतावर आम्ही आजवर वीसपंचवीस उपदेश केले असतील. परंतु एक गोष्ट अलीकडेच ध्यानात आली. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणारी ती वाट शोमरोनात नव्हती. ते त्या मनुष्याचे क्षेत्र नव्हते. याजक आणि लेवी ह्यांचे होते.

हा दोष आम्हां ख्रिस्ती लोकांपुरताच आहे असे नाही. देशाच्या कायद्याच्या इतिहासातही तो ठसठशीत दिसतो. म्हैसूर संस्थानाने १८९४ साली आठ वर्षांच्या आतील मुलींची लग्ने बंद केली. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांनी १९०४ साली आपल्या राज्यात कायदा करून मुलीस बारा व मुलास सोळा वर्षांची मर्यादा घातली. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र असा कायदा हरबिलास सारडा ह्यांच्या खटपटीने १९२९ साली झाला. मुलीस चौदा, मुलास अठरा. तो १ एप्रिल १९३० पासून अमलात यावयाचा होता. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची जी घाई उडाली, तिची खूण पुढल्याच वर्षीच्या शिरगणतीत उमटली. आणि कायदा ब्रिटिश मुलखापुरता असल्यामुळे, ज्यांस त्याची धास्ती वाटे ते वऱ्हाड घेऊन शेजारच्या संस्थानात जात. तेव्हा बीड, जालना, परभणी ही ठिकाणे निजामाच्या राज्यात, आणि नगर व सोलापूर ब्रिटिश अमलात. अशा सरमिसळ मुलखात हद्द ओलांडणे हे काही मोठे काम नव्हते. अखेर १९३८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, हद्दीबाहेर जाऊन लग्न लावणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनांसही तो लागू करण्यात आला. म्हणजे जी पळवाट आमच्या मंडळीतील त्या बापाने काढली, ती त्याच्या पणजोबांच्या काळापासून वहिवाटीची आहे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे, कारण आपल्यांत कित्येकांस असे वाटते की बालविवाह हा इतरांचा रोग आहे. आपल्याच १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात आरंभी हिंदी ख्रिस्ती मुलीस तेरा वर्षांची मर्यादा पुरेशी मानली होती. तीत पुढे बदल होत होत १९७८ साली सर्वांबरोबर आपणांसही मुलीस अठरा व मुलास एकवीस ही मर्यादा लागू झाली. तेव्हा ह्या बाबतीत आपण फार उंच ओट्यावर उभे आहो असे समजू नये.

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येऊ. तो प्रश्न टाळून बालविवाहावर जेवढे बोलावे तेवढे व्यर्थ आहे, असे आमचे मत झाले आहे.

सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांस त्यांचे लग्न कोणत्या वयात झाले हे विचारतात. २००५-०६ साली देशात शंभरांपैकी सुमारे ४७ जणींचे लग्न अठरा पुरी होण्याआधी झाले होते. २०१९-२१ च्या पाहणीत ही संख्या सुमारे २३ वर आली. हा बदल थोडा नव्हे, व त्यासाठी शाळांचे, अंगणवाड्यांचे व खुद्द आईबापांचे उपकार मानले पाहिजेत. परंतु त्याच पाहणीत महाराष्ट्राची संख्या सुमारे २२ असता बीड जिल्ह्याची जवळजवळ ४४ व परभणीची ४८ निघाली. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, एकाच भाषेच्या लोकांत हा फरक का असावा? बीडचे आईबाप आपल्या लेकींवर कमी माया करतात असे म्हणणाऱ्याने एकदा तेथे जाऊन राहावे.

कारणे अनेक आहेत, पण एक मोठे कारण रस्त्यावर दिसते. दिवाळीच्या सुमारास ट्रक व ट्रॅक्टर भरभरून माणसे बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकातील कारखान्यांकडे ऊस तोडावयास निघतात, ती चैत्र-वैशाखापर्यंत परतत नाहीत. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यावर मिळते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. ह्या हिशेबात लग्न न झालेल्या मुलीची किंमत अर्धी, आणि लग्न झाले की एक नवा कोयता उभा राहतो. मुलीस बरोबर न्यावे, तर फडावरच्या कोपीस दार नसते. पहाटे काळोखात आईबाप तोडीस गेले म्हणजे ती त्या पाचटाच्या खोपटात एकटी. गावी ठेवावे, तर म्हातारे माणूस घरात असेल तरच. शाळा गावात सातवीपर्यंत. पुढची दोन कोस चालून. त्यात कोणी वाटेत दोन शब्द वेडेवाकडे बोलला, की बापाची झोप उडते. एक मांडव घातला, दोन बहिणी उजविल्या, तेवढाच खर्च वाचला, असाही विचार असतो. ह्यांत लोभ आहे, नाही असे नाही. पण आम्ही जे पाहिले त्यात लोभाहून भीती अधिक होती. बाप मुलीस विहिरीत लोटीत नसतो. तो तिला, त्याच्या समजुतीप्रमाणे, दार असलेल्या घरात पोहोचवीत असतो.

त्याची समजूत चुकीची आहे, हे आपण जाणतो. अंगात पुरते रक्त नसलेल्या सोळा वर्षांच्या पोरीच्या पोटी मूल आले म्हणजे काय होते, हे आपल्या गावातील आशाताईंस विचारावे. ते दार असलेले घर पुष्कळदा दुसऱ्याच फडावरची बिनदाराची कोपी ठरते, हेही आपण पाहतो. परंतु चुकीची समजूत आणि दुष्टपणा ह्यांत भेद आहे, आणि चुकीच्या समजुतीचा मनुष्य बदलू शकतो. पंडिता रमाबाईंच्या मातोश्री लक्ष्मीबाई ह्यांचे लग्न वयाच्या नवव्या वर्षी, चाळिशी ओलांडलेल्या अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्याशी झाले होते. त्याच अनंतशास्त्रींनी आपल्या थोरल्या मुलीचे लग्न लहानपणीच करून दिले, त्याचे कडू फळ डोळ्यांनी पाहिले, आणि मग धाकट्या रमेस बालपणी लग्नात देण्याचे साफ नाकारले. भोवतालच्या लोकांची बोलणी त्यांस खावी लागली. एकाच मनुष्याच्या हातून ह्या तिन्ही गोष्टी घडल्या.

कोणी म्हणतील, लेकराविषयी निर्णय करण्याचा हक्क आईबापांचा आहे. पाळकाने व सरकारने त्यात हात घालू नये. आईबापांचा हक्क आम्ही मानतो. पण हा हक्क लेकराच्या भल्याची राखण करण्यासाठी दिलेला आहे, लेकरू देऊन टाकण्यासाठी नव्हे. राखणदारास शेत राखावयाचे असते, विकावयाचे नसते. ह्याहून अधिक वेळ ह्या आक्षेपावर घालविण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तो असा, की कायदा आहे, पोलीस आहेत; त्यांनी कडक व्हावे म्हणजे झाले. आसामात फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने बालविवाहाच्या जुन्या-नव्या प्रकरणांत काही दिवसांतच हजारो माणसे पकडली. नवरे पकडले, सासरे पकडले. भीती बसली, हे खरे. पण अल्पवयात गरोदर राहिलेल्या मुली दवाखान्यात जावयास भिऊ लागल्याचीही वृत्ते आली, आणि कमावता माणूस तुरुंगात गेल्यामुळे ज्या पोरी तान्ह्या मुलांसह दारात रडत बसल्या त्यांची चित्रे आपण सर्वांनी पाहिली. कायद्याचा दंडुका नसावा असे आम्ही म्हणत नाही. पण दंडुक्याने पाखरू उडते. ते कोठे जाऊन बसते हे दंडुका पाहत नाही.

ह्यात खरा विचारण्याजोगा प्रश्न असा आहे, की एक लेकरू जर पाच ठिकाणच्या माणसांच्या डोळ्यांसमोरून जात असेल आणि प्रत्येकास त्याचा एकपंचमांशच दिसत असेल, तर ते कोणाचे? शाळेच्या मुख्याध्यापकांस एवढेच दिसते, की मुलगी दिवाळीनंतर आली नाही. मुकादमास दिसते, की एक कोयता वाढला. मावशीच्या गावच्या उपदेशकांस दिसते, की बाहेरगावची माणसे प्रार्थना मागत आहेत. कारखान्याच्या गावच्या परिचारिकेस दिसते, की कोणा परमुलखातली पोर गरोदर आहे. आमच्या गावच्या ग्रामसेवकांपाशी हमीपत्र आहे. पाचांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, आणि कोणाचेही काम त्याच्या वहीत अपुरे दिसत नाही. पाप पाचांमध्ये असे बारीक वाटले गेले आहे, की कोणाच्याही वाट्यास पाप म्हणावे एवढे आले नाही. न्याय करणारा मनुष्य असेल तर तो पाचही जणांस निर्दोष सोडील. परंतु काइनास प्रश्न विचारला गेला तेव्हा तो राखणदाराच्या नेमणुकीचा कागद पाहून विचारला गेला नव्हता.

आमच्या मते अशा ठिकाणी कर्तव्य वाटले जात नाही. ते प्रत्येकावर सबंधच्या सबंध पडते. ओझे पाच जणांनी उचलले म्हणजे हलके होते, हे खरे. पण चार जण आले नाहीत म्हणून पाचव्याचा वाटा पाचवाच राहत नाही. निदान पुढच्यास हाक मारण्याएवढे तरी त्याच्यावर असतेच.

ह्या हाकेची किंमत किती, हे एका दूरच्या देशातील उदाहरणावरून दिसते. आफ्रिकेतील मलावी देशात देद्झा जिल्ह्यात थेरेसा काचिंदामोतो ह्या बाई वंशपरंपरेने मोठ्या अधिकाराच्या प्रमुख झाल्या. आपल्याकडील देशमुखी चालू असती व ती एखाद्या बाईकडे आली असती, तर जसे, तसे समजावे. बारातेरा वर्षांच्या मुली कडेवर मूल घेऊन उभ्या पाहून त्यांनी एकेक लग्न मोडण्याचा उद्योग मांडला नाही. त्यांनी आपल्या हाताखालच्या पन्नास गावप्रमुखांस एकत्र बोलावले आणि ह्यापुढे असे लग्न होऊ देणार नाही अशा करारावर सर्वांच्या सह्या घेतल्या. ज्या चौघांच्या गावी तरीही लग्ने झाली, त्यांस अधिकारावरून दूर केले, व ती लग्ने रद्द झाल्याची खात्री पटल्यावर परत घेतले. शेकडो मुली शाळेत परतल्या. त्या वेळी मलावीच्या राज्यघटनेत आईबापांच्या संमतीने पंधराव्या वर्षी लग्नास वाट होती. ती २०१७ साली बंद झाली. म्हणजे पन्नास गावे एक झाली ती कायद्याच्या आधी. त्याच भागातील दक्षिण आफ्रिका खंडाच्या देशांच्या लोकप्रतिनिधींनी २०१६ साली एकत्र बसून बालविवाहाविषयी एक नमुन्याचा कायदा तयार केला, तो ह्याच विचाराने, की एका देशात बंदी आणि शेजारी मोकळीक असेल तर वऱ्हाड सीमा ओलांडील.

आपल्या शेजारीच असा फरक आहे, हे किती वाचकांस ठाऊक असेल? देशाच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे बालविवाह हा गुन्हा आहे. तरी झालेले लग्न आपोआप रद्द होत नाही. ज्या मुलीचे वा मुलाचे लग्न लहानपणी लावले गेले, त्याने न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तो सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. कर्नाटकाने मात्र २०१७ साली आपल्या राज्यापुरती दुरुस्ती अमलात आणून असे लग्न मुळातच रद्दबातल ठरविले. म्हणजे जत, अक्कलकोट वा उमरगा तालुक्यातील वऱ्हाड सीमेच्या अलीकडे बसले तर लग्न उभे राहते, पलीकडे बसले तर ते जन्मासच येत नाही. देवाच्या दृष्टीने त्या दोन मांडवांतील मुलींत काय अंतर असेल?

पण दुसऱ्यांस बोल लावण्याआधी आमच्या अज्ञानाची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती वाचकांच्या उपयोगी पडेल. आम्ही त्या रात्री हमीपत्र घेऊन समाधान मानले. हमीपत्र हा चांगला कागद आहे, पण तो बापाच्या शब्दाएवढाच चालतो. त्याच कायद्यात दुसरी एक तजवीज आहे, ती आम्हांस नंतर एका वकील बंधूंनी दाखविली. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला असता ते त्या विवाहास मनाई हुकूम देऊ शकतात. आणि तो हुकूम असता लग्न लावले, तर ते मुळातच रद्द ठरते, मग ते मावशीच्या गावी लावलेले असो की आणखी कोठे. हमीपत्र वेशीशी थांबते. हा हुकूम मुलीबरोबर चालत जातो. महाराष्ट्रात खेड्यांपुरते बालविवाह प्रतिबंधाचे अधिकारी ग्रामसेवक असतात, व अक्षय्य तृतीयेसारख्या मुहूर्तास जेथे एकदम पुष्कळ लग्ने लागतात तेथे जिल्हाधिकाऱ्यांसही हे अधिकार कायद्यानेच दिलेले आहेत. १०९८ ह्या क्रमांकावर कोणीही, केव्हाही, पैसे न देता कळवू शकतो. उपदेशक बंधूंनी हे सर्व पाठ करून ठेवावे. आणि प्रार्थनेसाठी बाहेरगावचे जोडपे आले, तर आधी शाळेचा दाखला किंवा जन्माची नोंद मागावी. बाप्तिस्म्याच्या वहीतील तारीख जन्माची तारीख नव्हे, ही चूक आपल्यांत फार होते.

तरीही त्या बापाच्या प्रश्नास ह्यांपैकी कशानेही उत्तर मिळत नाही. मनाई हुकूम मुलीबरोबर चालत जाईल. पण रात्री तो तिच्याजवळ निजावयास येत नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी, आम्ही आसपासच्या सात गावांतील पाळक, उपदेशक व मंडळ्यांतील काही बायांस एकत्र बोलाविले. मावशीच्या गावचे ते उपदेशकही आले. आम्ही सर्वांसमोर त्यांची क्षमा मागितली, त्यांनीही मागितली. मग कामास बसलो. कोणत्या कुटुंबांनी उचल घेतली आहे, त्यांत दहा ते अठरा वर्षांच्या मुली किती, कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे व कोणाच्या नाही, ह्याची एक वही केली. तिच्या सात प्रती सात गावी आहेत. मुलगी गाव सोडून गेली, की जेथे गेली तेथील माणसास त्याच दिवशी कळवावयाचे, ती मंडळीतली असो वा नसो. हे ठरविण्यास एक तास पुरला. मुली ठेवावयाच्या कोठे, ह्यावर दिवस मावळला. ज्या गावी सरकारी हंगामी वसतिगृह चालते तेथे काही जणींची सोय लागली. दोन विधवा बायांनी आपल्या घरी एकेक मुलगी ठेवण्याचे कबूल केले. गहू-ज्वारी मंडळीने द्यावयाची. एका गावचे वडील उठून म्हणाले, की परक्या जातीच्या मुलींची जोखीम मंडळीने का घ्यावी, पुढे काही झाले तर बोल आपल्यावर येईल. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, आणि ते गाव अजून आमच्यात पुरते आलेले नाही. पहिल्याच हंगामात आणखी एक लग्न आमच्या नकळत झाले, तेही लिहून ठेवतो. एक मात्र वेळेवर कळले. मुलगी मामाच्या गावी पोहोचण्याच्या आधी तेथील अंगणवाडीताई व उपदेशक तिच्या मामीस भेटून बसले होते. मामीनेच मग तिला ठेवून घेतले.

ती पहिली मुलगी पुढच्या चैत्रात फडावरून परतली तेव्हा आम्हांस बाजारात दिसली. दिवस भरत आले होते. तिने पदर पुढे घेऊन सलाम केला. नवरा, तोही पोरगाच, पिशवी घेऊन मागे उभा होता. कायद्याने तिला काय करता येते, हे आम्ही आमच्या कुटुंबाकरवी तिच्या कानी घातले आहे. ती अजून काही बोलली नाही, आणि ह्या वेळी आम्ही विचारून वाट पाहत आहो.

ह्या हंगामात आमच्या घरीही दोन मुली राहिल्या आहेत, एक आठवीतली व एक दहावीतली. दहावीच्या मुलीस भूमिती अडते. सेमिनरीत आम्हांस ग्रीक शिकविले, भूमिती शिकविली नाही. म्हणून मार्चपर्यंत दर शनिवारी शेजारच्या गावचे गुरुजी सायकलवर येतात.